गोळी बंद ठेवून गोळीची परीक्षा

निवृत्त वजनमाप निरीक्षकांच्या हृदयवाहिनीत स्टेंट बसवला आणि त्यात गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. गोळी चुकली तर जिवावर बेतेल, अशी समजही दिली. मात्र काहींचं रक्त या गोळीला दाद देत नाही, म्हणून त्यांना प्लेटलेट चाचणीसाठी प्रयोगशाळेत पाठवण्यात आलं. इथवर सगळं शास्त्रोक्त होतं.

प्रयोगशाळेच्या दारावर काचेआड सूचना होती : 'प्लेटलेट चाचणीपूर्वी आठवडाभर रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद ठेवावी.' ती कधीकाळी भलत्याच आजाराच्या रोग्यांसाठी लावली होती. पण काच फोडल्याशिवाय ती निघत नव्हती आणि काच फोडण्याचा अधिकार कुणालाच नव्हता.

निरीक्षकांनी जन्मभर दुकानदारांचे काटे तपासले होते. त्यांनी तत्काळ गोळी बंद केली.

"अहो, गोळी लागू पडते का तेच बघायचंय ना? मग घेतल्याशिवाय कसं दिसणार?" बायकोनं विचारलं.

"तागडी आधी रिकामी असावी लागते. तुला नाही कळायचं."

निकाल आला : गोळी निष्प्रभ. डॉक्टरांनी डोस दुप्पट केला आणि फेरतपासणी लिहिली. निरीक्षकांनी दुप्पट डोसही तेवढ्याच निष्ठेनं बंद ठेवला. निकाल तोच. मग महागडी गोळी आली. तीही बंद ठेवण्यात आली. शंभर टक्के रोगी दाद देत नाहीत हे पाहून प्रयोगशाळाप्रमुखांनी 'आपल्या लोकांचं हट्टी रक्त' या विषयावर परिषदेत निबंध वाचला आणि टाळ्या मिळवल्या.

इकडे बायकोचा जीव टांगणीला लागला. नवरा जिना चढताना छातीवर हात ठेवू लागला होता. पुढच्या तपासणीआधी तिनं रोज गोळी कुटून त्याच्या चहात घातली.

"चहा कडू लागतोय गं."

"तोंडाला चव नाही तुमच्या. प्या मुकाट्यानं."

यावेळचा निकाल : गोळी उत्तम लागू. प्रमुख ताडकन उभे राहिले.

"गोळी घेतलीत?"

"शपथेवर सांगतो, शिवलोसुद्धा नाही!"

"मग अर्थ एकच. तुम्हाला गोळी न घेताच लागू पडते. आता ती कायमची बंद."

सोबत आलेल्या बायकोला राहवेना. "अहो साहेब, मीच घालत होते चहातून! बंद करू नका हो, मरतील ते!"

"बाई," प्रमुख खिन्नपणे म्हणाले, "तुम्ही चाचणीत भेसळ केलीत."

"भेसळ? माझ्या घरात?" निरीक्षक लालबुंद झाले. "आजपासून माझा चहा मीच करणार!"

दार उघडंच होतं. बाहेर बाकांवर बसलेल्या आपण सगळ्यांनी शब्द न् शब्द ऐकला. बाई दाराशी थांबून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली, कुणीतरी बोलेल म्हणून. पण आपणही आठवडाभर गोळी बंद ठेवूनच आलो होतो. एवढी मेहनत वाया कशी घालवायची? पुढचा नंबर पुकारला गेला, आणि आपण सगळे एकेक जागा पुढे सरकलो.