फटाफटने मागून घेतलेली बारीक झाडं

तासाभरात सगळ्यात जास्त झाडं पाडणारा माणूस या जंगलात एकच आहे आणि तो म्हणजे आपण, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती! सगळे त्याला फटाफटच म्हणत. हार्वेस्टरच्या केबिनमध्ये बसून त्याने दांडा ओढला, की मशीनचा हात झाडाला कवटाळी, खाली करवत फिरे आणि साली-फांद्यांसकट झाडाची हजामत होऊन ओंडके बाजूला पडत.

दुखणं एकच. त्याच्या मशीनची सीट मोडकी होती. आठ वर्षांत तिने त्याच्या कमरेचा पार भुगा केला होता. आता गादीच्या सीटचं नवं मशीन आलं होतं, आणि दिवसभरात ज्याचं काम जास्त भरेल त्याला ते मिळणार होतं. समोर उमेदवारही एकच होता : त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ!

कोणी कुठली झाडं पाडायची, याच्या चिठ्ठ्या निघाल्या. फटाफटच्या वाट्याला आली जाडजूड झाडं, मेहुण्याच्या वाट्याला बारीक. फटाफटने लगेच हिशेब केला. जाड झाडाला वेळ किती लागतो! त्याने मेहुण्याच्या खांद्यावर हात टाकला.

"हे बघ, जाड झाडं पाडण्यात मान असतो. तू घरचा माणूस. तूच घे!"

"दाजी, खरंच?" मेहुण्याने त्याचे दोन्ही हात धरले.

"खरंच म्हणजे काय! मुकादम, लिहा. मी सही करतो."

मोजणीवाल्या बाई घड्याळ घेऊन काहीतरी समजावायला आल्या. "कळलं, कळलं!" म्हणत त्याने केबिनचं दार लावलं.

मग काय विचारता! चहा नाही, पाणी नाही, कंबर ठणकतेय तरी तोंडातून हूं नाही. बारीक झाडं तो दाढीच्या केसांसारखी उडवत सुटला. संध्याकाळी आकडा आला : फटाफट चारशे बारा, मेहुणा एकशे छप्पन्न!

"नव्या मशीनची किल्ली?" त्याने हात पुढे केला.

बाईंनी किल्ली मेहुण्याच्या हातात ठेवली.

"अहो बाई! गणित येतं का तुम्हाला?"

"येतं ना. आम्ही झाडं नाही, लाकूड मोजतो. एकूण किती घनमीटर पडलं, ते. तुमचं दिवसाचं तेहतीस, त्यांचं चौऱ्याण्णव."

"हा अन्याय आहे! मला काड्या दिल्या आणि त्याला खांब!"

"काड्या तुम्हीच मागून घेतल्यात," मुकादम थंडपणे म्हणाला. "ही तुमची सही."

"मग सकाळी सांगायचं होतं!"

"सांगत होते," बाई म्हणाल्या. "तुम्ही दार लावलंत. पण बारीक झाडांवर तुमचा हात छान बसलाय. वर्षभर तुम्हाला तोच भाग द्या असं मी लिहिलंय. तुमच्या जुन्याच मशीनवर."

घरी पोचेपर्यंत त्याचं डोकं तव्यासारखं तापलं होतं. मेहुणा आधीच येऊन बसला होता. बायको दारातच डोळे पुसत उभी!

"माझ्या भावासाठी तुम्ही इतकं केलंत? स्वतःची जाड झाडं त्याला दिलीत?"

"छे! काही दिलं-बिलं नाही!"

"दाजी, लपवू नका," मेहुणा म्हणाला. "आणि सही करताना हसतसुद्धा होतात तुम्ही."

"अरे गाढवा, मी तुला फसवत होतो!" फटाफट ओरडला. "पार बुडवत होतो! ते मशीन मला हवं होतं, मला!"

 बायकोने मोठा हुंदका दिला.

"बघितलंस?" ती भावाला म्हणाली. "इतकं करूनही माणूस उपकार म्हणून कबूल करत नाही!"

मेहुणा उठला आणि वाकून दाजींच्या पाया पडला. त्याला आशीर्वाद द्यायला फटाफटला वाकावं लागलं, आणि कमरेतून अशी कळ आली, की डोळ्यांत टचकन पाणी उभं राहिलं.

बायको म्हणाली, "मनाने फार हळवे आहेत हो."