चांदीचा ढेकर

चांदीनं ढेकर दिला आणि चारकोपच्या त्या अख्ख्या सोसायटीचा गॅस गेला.

सेक्रेटरी तावड्यांनी नुकतंच गेटच्या भिंतीवर एक मशीन बसवलं होतं. गॅस गळला की मशीन बोंबलणार आणि पाइपचा गॅस आपोआप बंद होणार. आयडिया झकास. फक्त त्याच भिंतीखाली कमळ आपली गाय घेऊन रोज बसते, हे साहेबांच्या डोक्यात आलं नव्हतं. येणारेजाणारे कमळकडून गवताची पेंडी घ्यायचे, चांदीला चारायचे आणि पुण्य खिशात घालून कामाला जायचे. चांदी ते सगळं पुण्य मशीनच्या तोंडावर सोडायची.

तावडे खाली आले. अर्ध्या दाढीला फेस तसाच.

"कमळ, उचल हिला इथनं."

"का? काय केलं तिनं?"

"मिथेन सोडते ती. ढेकरातून. त्यानं पृथ्वी तापते. मी व्हिडिओ बघितलाय."

"अख्खी पृथ्वी माझ्या एका गायीनं तापवली? आणि तुमच्या गाड्या काय उदबत्तीचा वास सोडतात?"

वॉचमन निलेश हसला आणि तावड्यांनी बघताच खोकायला लागला.

चांदीची रवानगी रस्त्यापलीकडे, गटाराच्या कोपऱ्यावर झाली. तिथे कुत्रं फिरकेना. पुण्य करायला रस्ता क्रॉस कोण करतो? पेंड्या वाळून कडक झाल्या. गाय भाड्यानं देणाऱ्या तबेलेवाल्यानं सांगून टाकलं, "धंदा नाय तर गाय परत." कमळचं डोकं असं सटकलं की चांदीला नेऊन तावड्यांच्या लिफ्टमध्ये बांधावं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात आली सर्वपित्री अमावस्या. त्या दिवशी आधी कावळा आणि गाय जेवणार, मग घरचे. तावड्यांच्या गच्चीवर कावळा येऊन जेवून गेला. गायीचं पान अडलं.

"मी नाय हां सासऱ्यांचं पान गटारावर ठेवणार," तावड्यांच्या बायकोनं, जानकीवहिनींनी पदर खोचला. "गाय गेटवर आली पाहिजे. तोवर कोणाला जेवायला नाय."

घरात दोन पंगतींचे पाहुणे, वड्यांचा वास, आणि तावडे सकाळपासून उपाशी. ते रस्ता क्रॉस करून कमळपुढे उभे राहिले.

"चल. फक्त आजचा दिवस."

"आणि पृथ्वी?"

"कमळ, भूक लागलीय गं."

चांदी गेटवर आली. तावड्यांचं पान संपवलं, मग बाकीच्यांचीही. सगळे माना वर करून मशीनकडे बघत होते. मशीन गप्प. चांदीनं जिभेनं नाक पुसलं आणि शहाण्यासारखी रवंथ करायला लागली. कमळलाच वाईट वाटलं. नको तेव्हा ढेकर देते, आणि हवा तेव्हा ही बया साध्वी.

मग तावडे जेवले. वड्यावर वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं वाटीवर वाटी, वर खीर. जेवून लुंगीची गाठ सैल करत खाली आले.

"झालं ना? चल, ने आता हिला."

कमळनं दात खाल्ले, दावं सोडलं आणि चांदीला पलीकडे नेलं. मशीनखाली एक उष्टं पान पडलं होतं. तावडे स्वच्छतेचे भोक्ते. ते पान उचलायला पूर्ण वाकले.

टीं टीं टीं टीं.

निलेशनं मशीनकडे बघितलं, रस्त्यापलीकडच्या गायीकडे बघितलं आणि मग आभाळाकडे. तावडे वाकलेलेच राहिले. वरची खिडकी उघडली.

"अहो, दुसऱ्या पंगतीचे वडे कढईत आहेत आणि गॅस गेला. ती गाय अजून गेली नाय का?"

"गाय कधीच गेली, वहिनी," कमळ पलीकडून ओरडली. "आता साहेबांना पण कोपऱ्यावर बसवायचं काय?"

दुसऱ्या दिवशी मशीनवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती. खाली जुन्या जागी चांदी, शेजारी हिरव्यागार पेंड्या. तावडे खाली मान घालून गेटमधून निघाले. ते अगदी जवळ आले, तेव्हा कमळनं चांदीचं तोंड हळूच पलीकडे वळवलं.