म्हाताऱ्यांची शिकवणी

माझ्या हाताखालून गेलेला विद्यार्थी नापास होत नाही! मलेशियात, आमच्या ताइपिंगमध्ये कुणालाही विचारा. गणिताचं नाव काढलं की ज्यांना ताप भरायचा, अशी पोरं मी आमच्या ओसरीत बसवून घासली, पुसली आणि परीक्षेतून पार केली. त्यांतली काही आता बँकेत बसून मलाच कमी व्याज देतात, तो भाग वेगळा.

त्यामुळे सरकारी दवाखान्याने साठीपुढच्या सगळ्यांची स्मरणशक्ती तपासायचं काढलं, तेव्हा आमची गल्ली कुणाच्या दारात येणार हे उघड होतं.

"टीचर, नापास झालं की गाडीचं लायसन काढून घेतात म्हणे!" समोरचे पाक चिक, म्हणजे सैदिनकाका, धापा टाकत म्हणाले.

"घेऊ देत की. तुमची गाडी तशीही आम्ही ढकलतो तेव्हाच चालते," शेजारच्या कनकवल्ली आक्का म्हणाल्या.

मी हसले, पण माझं लक्ष मागे होतं. मागे आमचा म्हातारा, माझा नवरा बून सिऊ, पिंजऱ्यातल्या बुलबुलाला पाणी घालत होता. नुकतंच घातलेलं पाणी ओतून पुन्हा घालत होता. महिन्यापूर्वी बाजारातून येताना त्याला घर सापडलं नाही. पोलिसाने आणून सोडलं. गल्लीला मी सांगितलं, "ओळखीचा पोलीस आहे, कॉफीला आला होता." कॉफी पाजलीही. दोन बिस्किटं जास्त खाल्ली मेल्याने!

म्हाताऱ्याला कुणी वेडा म्हणू नये, एवढंच मला हवं होतं. म्हणून ठरवलं : सगळ्या गल्लीची शिकवणी घ्यायची. गर्दीत आमचाही पार पडेल.

पेपर फुटलेलाच होता. आक्कांची तपासणी परवा सुरू झाली होती, पण रक्तदाब चढल्यामुळे मिस्सीने, म्हणजे नर्सने, मध्येच थांबवून पुन्हा बोलावलं होतं. आक्कांना सगळे प्रश्न पाठ! पाच शब्द ऐकून थोड्या वेळाने सांगायचे : छत्री, हत्ती, साबण, कंदील, पपई. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. आणि आजची तारीख.

तारखेपाशीच गाडी अडली.

"आडी महिना," आक्कांनी तमिळ महिना ठणकावून सांगितला.

"मुहर्रम," पाक चिक म्हणाले.

"दुरियानची फळं स्वस्त झालीत, म्हणजे जुलै," आमचा म्हातारा पिंजऱ्यापासून म्हणाला.

तिघंही बरोबर! पण मार्क एकालाच! आक्का चिडल्या. "माझ्या महिन्याने काय घोडं मारलंय?" मी त्यांना दटावलं. परीक्षकाला हवं ते लिहावं, वाद निकालानंतर घालावा, ही आमची जुनी पद्धत. आक्का शाळेत कधी गेल्याच नव्हत्या. पेन्सिल त्यांनी कालथ्यासारखी धरली आणि पहिलं घड्याळ डोशासारखं पसरलं. पण बाई जिद्दीची. रविवारपर्यंत काटे जागेवर आले. पाच शब्द तर झोपेतून उठवून विचारले तरी तोफेसारखे सुटायला लागले.

फक्त आमचा म्हातारा छत्रीच्या पुढे जाईना.

"हत्ती कुठून आला?" तो विचारायचा.

"कुठूनही येऊ दे! तू म्हण!"

"बरं." आणि शांतपणे, "काय म्हणू?"

रागावले की तो माझ्या हातावर हात ठेवायचा. मग मला दुसरीकडे बघावं लागायचं.

सोमवारी सगळी वरात दवाखान्यात. केस विंचरलेले, कपडे इस्त्रीचे. आक्कांनी तर देवळात नारळ फोडून घेतलेला. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं, त्यामुळे बाकावर सगळं ऐकू येत होतं.

"आक्का, मी पाच शब्द सांगते, ते नीट..."

"छत्री हत्ती साबण कंदील पपई!"



"आक्का, मी अजून काही सांगितलंच नाही."

"वेळ वाचला ना तुझा!"

मिस्सी नोरेहानने हसू दाबून वेगळेच शब्द वाचले : तळं, चमचा, कोंबडी, पडदा, लिंबू. थोड्या वेळाने विचारलं. आक्का मोठ्या निष्ठेने म्हणाल्या, "छत्री, हत्ती..."

मग पाक चिक गेले. मिस्सीने पावणेतीन सांगितले, यांनी अकरा वाजून दहा मिनिटं काढली.

"पाक चिक, पावणेतीन."

"तुझं घड्याळ तपास, बेटा. टीचरनी हीच वेळ सांगितलीय."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. माझ्या नातीच्या वयाची पोर, पण भिवया अशा वर गेलेल्या की मला माझीच आठवण झाली. "ही टीचर कोण?"

सगळ्या बाकाने माझ्याकडे बोट दाखवलं! गुरुदक्षिणा म्हणतात ती हीच.

मी काही बोलणार तेवढ्यात आत आमच्या म्हाताऱ्याचा नंबर लागला. मिस्सीने शब्द वाचले, मग इकडचं तिकडचं विचारलं, मग म्हणाली, "आता ते शब्द सांगा, अंकल."

मग तो हळूच म्हणाला, "तुझा एकही आठवत नाही. बायकोने घरी दिले होते, तेही गेले. तिला सांगू नकोस. फार कष्ट घेतलेत तिने."

आक्कांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो काढलाच नाही.

डॉक्टरीणबाई माझ्याशेजारी बसल्या. "टीचर, इथे कुणी नापास होत नाही, आणि मी कुणाचं लायसन काढून घेत नाही. कधी जीवनसत्त्व कमी असतं, कधी थायरॉइड. कधी खरंच तो आजार असतो. लवकर कळलं तर काहीतरी करता येतं. तुमच्या गल्लीची तपासणी मला महिन्यानंतर पुन्हा करावी लागेल. अंकलचं रक्त मात्र आजच घेते." मग त्यांनी मला आत नेलं. "थोडे प्रश्न घरच्या माणसाला असतात. ते विसरतात का? केव्हापासून?"

या प्रश्नाची तयारी मी कुणाचीच करून घेतली नव्हती. माझीही नाही.

म्हातारा शेजारीच बसला होता. त्याच्यासमोर कसं बोलायचं? तोच म्हणाला, "सांग ना. मलाही कळू दे."

आणि मी सुरू झाले. नववर्षाला भात दोनदा शिजवला. वारलेल्या बहिणीला फोन लावायला बसला. गेल्या पावसात ओसरीत मला खुर्ची देऊन म्हणाला, बसा बाई, टीचर येतीलच इतक्यात. दिवस सांगितला, वार सांगितला, अंगावर कुठला सदरा होता तेही सांगितलं. कुणाजवळ काही न बोलता सगळं साठवलं होतं, ते बाहेर यायचं थांबेना. मिस्सीने कागद उलटून मागे लिहायला घेतलं. मी डोळे पुसत होते आणि बोलत होते.

म्हाताऱ्याने सगळं लक्ष देऊन ऐकलं. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे वाकला आणि काळजीने म्हणाला,

"ही काहीच विसरत नाही, बघितलंत ना? हिच्यासाठी काही औषध आहे का हो?"