हॉट प्रेसमधली काकवी

"काकवी," मी म्हणालो. बस, एवढंच. दुसरं काहीही म्हणता आलं असतं. भिंतीचा रंग म्हणता आलं असतं, बाथरूम धुण्याचं औषध म्हणता आलं असतं, नाहीतर सरळ पोरीच्या शाळेच्या प्रोजेक्टवर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण नाही! मला काकवीच सुचली. आणि तीही कोणासमोर, तर चाळीस वर्षं गुऱ्हाळ चालवलेल्या सासऱ्यांसमोर. (मी केमिकल इंजिनियर आहे. घरात याचा उल्लेख हल्ली कुणी करत नाही.)

आता पहिल्यापासून सांगतो. आम्ही आयर्लंडमध्ये ड्रोहेडात राहतो आणि मला स्टाउट आवडते. भाजलेल्या जवाची ती काळीभोर, कडसर बिअर आणि वर बोटभर फेसाची साय. डब्लिनची कशी, कॉर्कची कशी, ओट्स घातलेली कशी, यावर मी तासभर बोलू शकतो. माझी बायको रोहिणी त्या तासात दोनदा कपडे धुऊन वाळत घालते. एवढं असूनही आमच्या प्लँटमधला डर्मॉट मला आठ वर्षं ऐकवत होता, "शैलेंद्र, पिता येणं वेगळं आणि करता येणं वेगळं. तू आपले समोसे आण, ते ग्रँड असतात." सेंड-ऑफ असो, ख्रिसमस असो, माझ्या वाट्याला समोसे! शेवटी डोकं फिरलं आणि मी प्लँटच्या क्लबातल्या घरगुती स्टाउटच्या स्पर्धेत नाव दिलं. माझ्या हातची स्टाउट डर्मॉटच्या नाकावर टिच्चून सगळ्या क्लबला पाजायची, एवढी एकच इच्छा होती हो माझी.

वीस लिटरची बादली तयार झाली. ती आंबायला ऊब लागते, आणि आयर्लंडमधल्या घरात ऊब एकाच जागी मिळते. गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, त्याला इथे हॉट प्रेस म्हणतात. आमच्या हॉट प्रेसमध्ये टॉवेल, दह्याचं विरजण आणि इडलीचं पीठ गुण्यागोविंदाने नांदत होतं. त्यात मी माझी बादली घुसवली. रोहिणीने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी मोठी बातमी सांगितली. अण्णांचा व्हिसा आला होता.

अण्णा म्हणजे माझे सासरे. कागलजवळचं गाव. गावात दारूबंदीचं मतदान झालं तेव्हा दारोदार हिंडून आडवी बाटली निवडून आणणारे अण्णाच. लग्नाच्या वेळी त्यांनी हुंडा नको, मानपान नको, फक्त जावई निर्व्यसनी हवा असं सांगितलं होतं. रोहिणीने माझ्याबद्दल शब्द दिला होता. (मी तेव्हा खरंच पीत नव्हतो. पगार नव्हता.)

"त्यांना कळलं तर ते पहिल्या विमानाने परत जातील," रोहिणी म्हणाली. "आणि शेजारच्या सीटवर तू असशील."

अण्णा आले. दुसऱ्या दिवशी आंघोळीला टॉवेल काढायला त्यांनी हॉट प्रेस उघडलं आणि आत बादली गुडगुडली.

"जावईबापू, ह्यात काय हाय?"

आणि मी तो शब्द बोललो.

अण्णांचा चेहरा असा फुलला, की नातीला बघूनही फुलला नव्हता. "काकवी! हितं ऊस मिळतो व्हय?"

"नाही, डब्यात पाक मिळतो. घट्ट, काळा." (हे खरं होतं. जवाचा पाक डब्यातच येतो.)

"आन् कपाटात कशापायी?"

"ऊब, अण्णा. मुरायला."

अण्णांनी नुसती मान हलवली. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

गुरुवारी दुपारी मी प्लँटवर असताना शर्वाणीचा फोन आला. आमची कन्या. वय वर्षं दहा. मराठी सगळं कळतं, बोलते ड्रोहेडाचं इंग्रजी.

"बाबा, आजोबा इज बॉइलिंग युअर बकेट."

"अगं, थांबव त्यांना!"

"आय कान्ट. ही'ज हॅविंग ग्रेट क्रॅक." (क्रॅक म्हणजे इथे धमाल.)

मी मीटिंग सोडून निघालो. घराचं दार उघडलं तर समोर वाफच वाफ. चारही शेगड्यांवर आमच्या घरातली यच्चयावत पातेली रटरटत होती, आणि मधोमध अण्णा, धोतर खोचून, हातात झारा.

"अण्णा!" मी अक्षरशः ओरडलो.

"या या. वाचली बघा तुमची काकवी. अवो, किती मळी ती! मळी काढल्याबिगार कुणी मुरत ठेवतं व्हय? पार आंबली हुती. मी येळेवर बघितलं म्हणून, न्हाईतर घरात दारू झाली आसती!"

मी खुर्चीवर बसलो. उभं राहण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"त्यात हे हिरवं काय आहे?"

"भेंडीचं पाणी. फ्रीजमध्ये हुती. त्यानं सगळी घाण वर येती. आन् कडू लागत हुती म्हणून मी आणलेल्या गुळातली एक ढेप टाकली. आता दोन तास आटलीया."

म्हणजे अल्कोहोल आढ्याला, यीस्ट सिंकमध्ये आणि वर भेंडी. आठ वर्षांच्या अपमानाची परतफेड माझ्या डोळ्यांदेखत वाफ होऊन एक्झॉस्टमधून बाहेर चालली होती, आणि मला साधं बोंबलताही येत नव्हतं. तेवढ्यात रोहिणी ऑफिसातून आली. तिने पातेली बघितली, मला बघितलं.

"अण्णांना थँक यू म्हण," ती गोड आवाजात म्हणाली.

मी म्हटलं. काय करतो?

शुक्रवारी डर्मॉट गॅसचं छोटं पिंप घेऊन आला. स्टाउट त्यात भरली की साय धरते. मी त्याला सगळं सांगून टाकलं आणि माझं नाव मागे घ्यायला सांगितलं. त्याने चमचाभर चाखलं, बराच वेळ चघळल्यासारखं केलं आणि म्हणाला, "यात अल्कोहोल काहीच नाही?"

"थेंब नाही."

"मग बिनअल्कोहोलच्या गटात टाकू. तिथे कुणी फिरकत नाही."

"मी येनार," मागून अण्णा म्हणाले. त्यांना स्पर्धा एवढं समजलं होतं. "काकवीची चढाओढ हाय म्हनं."

शनिवारी क्लबात चौदा टेबलं, चौदा काळी पिंपं, आणि प्रत्येक ग्लासावर पांढरी साय. अण्णा फेटा बांधून सगळीकडे फिरून आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"जावईबापू, सगळ्यांचीच कच्ची हाय की वो."

परीक्षक तीन. मधल्या पांढऱ्या मिशीवाल्या म्हाताऱ्यासमोर आमचा ग्लास आला. डर्मॉटच्या पिंपाने चोख काम केलं होतं. काळंभोर पेय, वर दाट, गुळगुळीत साय. मला क्षणभर भरून आलं.

"मळी परत आली!" अण्णा दचकले. मी हात धरेपर्यंत ते टेबलापाशी पोचले, खिशातून चमचा काढला आणि परीक्षकाच्या ग्लासावरची साय खरवडून बशीत टाकली.

क्लबातल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. आयर्लंडमध्ये तुम्ही हवामानाला, सरकारला, पोपला काहीही बोला, चालतं. स्टाउटची साय कुणी काढत नाही! मी डर्मॉटकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

"हं, प्या आता," अण्णा मराठीत म्हणाले.

म्हातारा प्याला. थांबला. पुन्हा प्याला. मग उरलेला सगळा ग्लास एका दमात रिकामा केला. म्हणाला, दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दारू बंद केल्यापासून असं भरदार, रेशमासारखं घशाखाली उतरणारं काही मिळालं नव्हतं. त्यात नेमकं काय आहे?

"भेंडी," मी पुटपुटलो.

पहिलं बक्षीस! (त्या गटात आम्ही एकटेच होतो, पण ते जाहीर करताना कुणी सांगितलं नाही.) नाव कोणाचं पुकारायचं असं विचारल्यावर डर्मॉटने परस्पर अण्णांकडे बोट दाखवलं. अण्णा स्टेजवर गेले, नमस्कार केला आणि आडव्या बाटलीवर पाच मिनिटं बोलले. एक अक्षर न कळता अख्खा क्लब उभा राहून टाळ्या वाजवत होता. सगळ्यात जोरात डर्मॉट.

आणि बक्षीस काय? बिनदारूच्या गटाला चोवीस कॅन अस्सल स्टाउट! हे फक्त याच देशात होऊ शकतं. खोका मी स्वतः उचलून गाडीत ठेवला. म्हटलं, गेली तर गेली माझी बादली, हे चोवीस तरी माझे. गॅरेजमध्ये लपवीन, रोज एक.

आज सकाळी उठून खाली आलो. खोका ओट्यावर रिकामा. चारही शेगड्या चालू.

"ही तर लई कच्ची निघाली," झारा हलवत अण्णा म्हणाले. "चोवीसच्या चोवीस."

रोहिणीने माझ्यापुढे विळी सरकवली, आणि मी भेंडी चिरायला बसलो.