पाणवठ्यातला दगड

चव्वेचाळीस डिग्री.

जेऊरला बदली.

महेश्वरीच्या चटणीला आठवडाभर मिक्सरची चव.

पाणवठ्याकाठच्या बाभळीला बांधलेला कॅमेरा. त्यात तीनशे बारा माणसं, काळवीट शून्य.

वनरक्षक पंचाक्षरीने फोटो पुन्हा मोजले. तीनशे बाराच. शुक्रवारी साहेब येणार. फोटोत काळवीट दिसलं नाही तर पाणवठा बंद आणि पंचाक्षरी जेऊरला. वळसंगचं घर, बायको महेश्वरी, म्हातारी आई सगळं मागे टाकून.

खरं तर त्याने आदेश तंतोतंत पाळला होता. ऊन दरवर्षी वाढतंय, पाणवठ्यावर सावली करा. पाण्यात पडलेल्या पाखरांना चढून बसायला मधोमध दगड ठेवा. त्याने हिरवी जाळी बांधली, मधे गुळगुळीत दगड उभा रोवला. दुसऱ्या दिवशी शेळ्या घेऊन बसम्मा आली आणि दगडाला विभूती लागली. मग बेल. मग नारळ. मग अख्खं गाव.

"काकू, ह्यो देव न्हाय. पाखरांचा दगड हाय."

"मग विभूती कशी लागली रे?"

"तुमीच लावली की!"

"माज्या हातानं त्यानंच लावून घेतली, येड्या."

विभूती लागलेला दगड उपटायला पंचाक्षरीचा हात काही धजेना. दोन दिवस तो माळावर नुसता येरझाऱ्या घालत राहिला. मग बसम्माकडे गेला.

"काकू, देवाला ऊन लागलंय. दिवसभर कुनी फिरकायचं न्हाय. संध्याकाळी एकेक घागर ओतायची अन् गप घरी जायचं."

"तुला कोण सांगितलं?"

"त्यानंच."

त्याच संध्याकाळी बसम्माने पहिली घागर ओतली.

शुक्रवारी साहेबांनी फोटो पाहिले. भर दुपारी, जाळीच्या सावलीत सात काळविटं पाणी पीत होती. टँकर न मागवता पाणवठा काठोकाठ.

"वा! पंचाक्षरी, असा माणूस जेऊरलाच हवा. तिथं दहा पाणवठे करायचेत. सोमवारी हजर व्हा. आणि दगड अगदी अस्साच पाहिजे."

संध्याकाळी महेश्वरीने घागर ओतली, डोळे मिटले, बराच वेळ हात जोडून उभी राहिली.

"माजी बदली टळू दे म्हणालीस?"

"न्हाय. हरवलेली वस्तू सापडू दे म्हणलं."

पंचाक्षरी जाळीची गाठ घट्ट करू लागला. ती घट्टच होती.

पाणवठा झाला त्या सकाळी माळावर गुळगुळीत दगड मिळाला नव्हता, म्हणून त्याने घरातला वरवंटा आणला होता.