ट्रॅक्टरच्या नाकाला लाखेचं सील

उद्यान विभागाच्या गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरला श्वास सोडायला त्रास होत होता, आणि ही गोष्ट संपूर्ण विभागात फक्त मिस्तरींना ठाऊक होती. ट्रॅक्टर धूर सोडतो एवढं बाकीच्यांना दिसत होतं; पण धूर सोडणं हे सरकारी वाहनाचं कर्तव्यच असल्यामुळे कुणी ते मनावर घेतलं नव्हतं.

मिस्तरी एकोणीस वर्षं त्या इंजिनाच्या सेवेत होते. इंजिनाच्या पोटात वाफ कोंडते आणि ती बाहेर जायला एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. बनवणाऱ्यांनी ही नळी एअर फिल्टरला जोडली होती. इंजिन म्हातारं झालं तसं वाफेबरोबर तेलही यायला लागलं, फिल्टर भिजून चिंब झाला आणि इंजिन धापा टाकू लागलं. शेवटी एका दुपारी मिस्तरींनी नळी फिल्टरमधून उपटली, तिथलं भोक बुजवलं आणि नळीचं तोंड बायकोच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात सोडलं. डब्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबली. तेल घासणीत अडकायचं आणि वाफ डब्याच्या झाकणाला मुळातच असलेल्या भोकांतून निघून जायची. इंजिन असं गोड वाजायला लागलं की मिस्तरींच्या डोळ्यांत पाणी आलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण आनंदाच्या भरात मिस्तरींनी असं काही केलं, जे त्या विभागात आजवर कुणी केलं नव्हतं. त्यांनी नोंदवहीत खरं लिहिलं.

"अहो, 'किरकोळ दुरुस्ती' लिहून मोकळं व्हायचं!" हेडक्लार्क बाईंनी कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं तेच लिहीत आलात ना? मग आत्ताच कुठली हौस आली? चार ओळी, आणि त्याही वाचता येतील अशा अक्षरात!"

साहेबांनी त्या चार ओळी तीनदा वाचल्या आणि मिस्तरींना बोलावणं धाडलं.

"ब्रीदर म्हणजे नेमकं काय?"

"इंजिनाचं नाक म्हणा, साहेब."

"म्हणजे सरकारी इंजिनाचं नाक तुम्ही परस्पर हलवलंत."

"होतं तिथं परत लावून देतो."

"म्हणजे दुसरा फेरफार! अजून पहिल्याचीच परवानगी नाही."

आदेश निघाला. 'सदर इंजिनाने श्वास कोठे सोडावा हा धोरणात्मक प्रश्न असल्याने, निर्णय होईपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवण्यात यावी.' परिस्थिती जैसे थे राहावी म्हणून दोन पंच आले. पावडरच्या डब्यावर एक बाई हसत होती. 'शासकीय वाहनावर विनापरवाना जाहिरात' असा ठपका ठेवून त्यांनी डबा जप्त केला, आणि नळीच्या उघड्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबून वर लाखेचं सील ठोकलं.

शिवाय एक जुना नियम होताच. प्रत्येक यंत्र रोज सकाळी अर्धा तास चालवायचं. न चालल्यास ते नादुरुस्त समजून भंगारात काढायचं.

"साहेब, नाक बंद करून चालवलं तर इंजिन फुटेल," मिस्तरी काकुळतीला आले.

"लेखी द्या."

मिस्तरींनी लेखी दिलं. विभागाला न शोभणाऱ्या वेगानं त्याच दिवशी उत्तर आलं: 'न फुटलेल्या इंजिनाबाबत अर्ज स्वीकारण्याची तरतूद नाही. फुटल्यानंतर विहित नमुन्यात, तीन प्रतींत अर्ज करावा.'

संध्याकाळी मिस्तरी घरी डोक्याला हात लावून बसले. "सील तोडलं तर नोकरी जाते, नाही तोडलं तर इंजिन जातं."

बायको कपड्यांना इस्त्री करत होती. "त्या पंचांनी सील लावलं नाही असं काही राहिलंय का त्या इंजिनाला?"

मिस्तरी ताडकन उठले. तेल भरायचं झाकण! त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. मिस्तरी ट्रॅक्टर चालू करायच्या आधी इकडेतिकडे बघून झाकण दोन आटे सैल करायचे. इंजिन त्या फटीतून श्वास सोडायचं, आणि मिस्तरींचा सदरा तेलाच्या शिंतोड्यांनी भरायचा. सील मात्र जिथल्या तिथं, लखलखीत.

महिन्याभरानं साहेब पाहणीला आले. सील शाबूत आणि इंजिन चालू, हे त्यांनी चार पावलांवरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मिस्तरी, याचा अर्थ लक्षात आला का? नाकाची गरजच नव्हती!"

सोमवारी परिपत्रक आलं. ट्रॅक्टर, फवारणी यंत्रं, पाण्याचे पंप मिळून विभागातल्या त्रेचाळीस इंजिनांचे ब्रीदर लाखेनं बंद करण्यात यावेत, जेणेकरून बागांची हवा शुद्ध राहील. खाली मिस्तरींचा उल्लेख 'प्रयोगाचे जनक' असा होता.

आपलं एक इंजिन वाचवायच्या नादात आपण बेचाळीस इंजिनांच्या जिवावर उठलो, या विचारानं मिस्तरींना घास जाईना. ते सरळ साहेबांकडे गेले आणि झाकणाचं सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी उठून दार लावलं.

"हे मी ऐकलेलं नाही. परिपत्रकावर वरच्यांची सही झालीय. आता या विभागातल्या इंजिनाला फुटायची परवानगी नाही."

"पण ती फुटणार, साहेब."

"तुमचं फुटलं का?" साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मग तसंच. तुम्ही प्रशिक्षण द्या."

प्रशिक्षण झालं. सकाळच्या सत्रात मिस्तरींनी फळ्यावर आकृती काढून सील कसं लावायचं ते शिकवलं. चहाच्या सुट्टीत हवेत दोन बोटं फिरवून दाखवली. दोन आटे. कुणी एकही प्रश्न विचारला नाही. उलट पंपावरचे म्हातारबुवा हळूच म्हणाले, "आमचं झाकण आठ वर्षं सैलच आहे, मिस्तरी. ते परिपत्रक वेगळं होतं."

मिस्तरींना इंजिनं वाचल्याचा आनंद झाला आणि स्वतःची लाजही वाटली. सगळ्यांचे सदरे त्यांना तेव्हा प्रथमच नीट दिसले. एकही सदरा कोरा नव्हता.

अहवाल गेला. त्रेचाळीसपैकी एकही इंजिन फुटलं नाही, योजना शंभर टक्के यशस्वी, इतर विभागांनी अनुकरण करावं. बागेतलं गवत आता वेळेवर कापलं जातं. परवा त्यावरून फिरताना तुम्हीच म्हणालात ना, "काही म्हणा, यांचा कारभार सुधारला बुवा"?

म्हणाला नसाल, तर तुमच्या स्वतःच्या कचेरीत कोण कुठलं झाकण सैल करून काम चालवतंय, ते एकदा आठवून बघा. आणि आठवलंच, तर कृपा करून कौतुकानंसुद्धा कुणाला सांगू नका. ते लगेच येऊन घट्ट करतील.