पत्र्यावरचा डोळा

शनिवारी सकाळी अकरा वाजून बत्तीस मिनिटांनी जीपच्या डाव्या पत्र्यावर, मागच्या चाकाच्या बरोबर वर, एक डोळा उघडला.

चांगला नऊ सेंटिमीटर रुंद डोळा. तपकिरी बुबुळ, भोवती जाड काळी रेघ आणि वर वळलेल्या लांबसडक पापण्या. जावयाच्या हातातला थिनरचा बोळा तिथल्या तिथे थांबला. त्याला जुन्या रंगाचा दोन सेंटिमीटरचा तुकडा हवा होता. पत्र्याने आपल्याकडे बघावं अशी त्याची अपेक्षा नव्हती.

जावई वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होता. तिथे त्याला सगळे 'दशांश' म्हणत, कारण 'साधारण' हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. सासऱ्यांची ही जुनी जीप त्याने आठ महिन्यांपूर्वी पोर्चमध्ये खोलायला घेतली. प्रत्येक नट, प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावून जॅमच्या रिकाम्या बरणीत गेला. बरण्या पुरेनात म्हणून घरात जॅम खाण्याचा वेग वाढवावा लागला. आता इंजिन चालत होतं, ब्रेक लागत होते आणि उद्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात जीप उभी राहणार होती. अर्जात फक्त एक पान उरलं होतं, आणि त्यातला पहिला रकाना होता 'मूळ रंग, पुराव्यासह'.

"हिरवा लिहा," सासरे म्हणाले होते. "डोंगरात फिरणारी गाडी हिरवीच असणार."

आपण न तपासलेली गोष्ट जावई लिहू शकत नव्हता. म्हणून सासरे खोलीत उद्याच्या भाषणाची तालीम करायला बसल्यावर तो बोळा घेऊन बाहेर आला होता.

तालमीचा आवाज खिडकीतून पोर्चपर्यंत येत होता. "...आणि त्याच क्षणी समोरून अस्वल आलं. मादी होती. नर इतका चिडत नाही. तिने उजव्या मडगार्डवर एकच पंजा मारला. मी हललो नाही. तिच्या डोळ्यांत बघत उभा राहिलो. ती दोनदा गुरगुरली आणि वळून निघून गेली."

ही गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. सासरे तरुणपणी खनिज सर्वेक्षणात होते, हीच जीप घेऊन डोंगर पालथे घालत होते आणि पुढे खात्याने ती लिलावात काढल्यावर त्यांनी विकत घेतली. जावयाच्या बायकोने चौथीत असताना 'माझे बाबा आणि अस्वल' या निबंधाला बक्षीस मिळवलं होतं. ते प्रमाणपत्र अजून दिवाणखान्यात टांगलेलं होतं. सासूबाई मात्र अस्वल आलं की उठून स्वयंपाकघरात जात. इतक्या वर्षांत तीच ती गोष्ट ऐकून माणूस कंटाळणारच.

मडगार्डवरचे चार ओरखडे जावयाने जपून ठेवले होते, पण मोजलेही होते. चारही समांतर, प्रत्येकी साडेपाच सेंटिमीटरच्या अंतराने, एका मिलिमीटरचाही फरक नाही. मग एका संध्याकाळी त्याने पुस्तक उघडून पाहिलं. अस्वलाच्या पंजाला पाच नखं असतात. हे तो कुणाला बोलला नव्हता. जावई झालं की काही मोजमापं मनातच ठेवावी लागतात.

बायको चहा घेऊन आली आणि कप तिच्या हातातच राहिला.

"हे काय आहे?"

"डोळा."

"ते दिसतंय मला. कुणाचा?"

"एका डोळ्यावरून सांगता येणार नाही. नमुना अपुरा आहे."

"मग वाढव नमुना," बायको म्हणाली. "बाबांच्या जीपवर बाईचा डोळा आहे, आणि तू काय उभा राहिलायस?"

जावयाने पाच पाच सेंटिमीटरच्या चौकोनांत उजवीकडे काम सुरू केलं. पण सबंध पट्टा खरवडायला वेळ नव्हता, म्हणून त्याने प्रयोगशाळेतल्यासारखे अंतराअंतराने नमुने घेतले. पहिल्या ठिकाणी नुसता पांढरा रंग. दुसऱ्या ठिकाणीही पांढराच. तिसऱ्या ठिकाणी दुसरा डोळा निघाला. तशाच पापण्या, तसंच काजळ.

त्याने टेप लावली. मग पुन्हा लावली. मग तो खाली बसला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"माणसाच्या दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढं अंतर असतं. म्हणजे नऊ सेंटिमीटर हवं. इथे अडतीस आहे."

"मग?"

"एका चेहऱ्यावर हे डोळे बसत नाहीत." त्याने आवाज खाली आणला. "दोघी आहेत."

बायकोने कप बॉनेटवर ठेवला. आठ महिन्यांत त्या बॉनेटवर कुणाला साधं बोट ठेवता आलं नव्हतं, पण जावयाला ते दिसलंच नाही.

तेवढ्यात हिरव्या रंगाला पॉलिश करायला बोलावलेला पेंटर सायकल लावून आत आला. त्याने वाकून दोन्ही डोळे पाहिले आणि मान डोलावली.

"हात चांगला आहे. पापणी बघा, एका फटक्यात ओढलीये. असे डोळे पूर्वी फिरत्या नाटक कंपन्यांच्या गाड्यांवर काढायचे. नट्यांचे."

खिडकीतली तालीम बंद पडली. चपला वाजल्या आणि सासरे पोर्चमध्ये आले. त्यांनी आधी जावयाच्या हातातला बोळा पाहिला, मग पत्रा. त्यांचा चेहरा असा पडला की पेंटरने आपणहून त्यांना स्टूल दिलं. स्टुलावर कार्ब्युरेटरचं झाकण होतं. ते त्यावरच बसले.

"अजून काय काय निघालं?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"इतकंच, बाबा. दोन डोळे," जावई म्हणाला.

"बाकी काही नाही?"

"नाही."

सासऱ्यांनी श्वास सोडला. ते बराच वेळ पेंटरकडे बघत राहिले, जणू त्याचं मघाचं वाक्य तोलून पाहत होते.

"बाहेर आलंच शेवटी," ते म्हणाले. "होय. नाटक कंपनी."

ज्या माणसाने आठ महिने बरण्यांमागे बसून जावयाला फक्त शिस्तीचं महत्त्व सांगितलं, तो हा.

"आणि ह्या दोघी कोण?" बायकोने विचारलं.

"एक नायिका. दुसरी तिची बहीण."

"नाटकात बहीण, की खरोखरची?"

सासऱ्यांनी थोडा विचार केला. "दोन्हीकडे."

"बाबा!"

"सहाच महिने होतो मी. तुझ्या आईशी ओळख व्हायच्या आधी."

"मग सर्वेक्षण?"

"ते नंतर."

"आणि अस्वल? अस्वलही नाटकातलंच?"

"अस्वल खरं आहे," सासरे एकदम ताठ झाले. "बाकी काय वाटेल ते म्हणा. अस्वलाबद्दल मी एक शब्द ऐकून घेणार नाही." मग त्यांचा आवाज पुन्हा उतरला. "तुझी आई चार वाजता मावशीकडून येईल. तिला हे कळता कामा नये. पेंटर, आत्ताच्या आत्ता वरून हिरवा मारा."

"प्रायमर सुकायला चार तास लागतात," जावई म्हणाला.

"साहेब," पेंटर डबा उघडत म्हणाला, "घर मोडायची वेळ आली की प्रायमर बघत नाहीत."

बायकोने आधी साफ नकार दिला. आईपासून एवढी गोष्ट लपवायची म्हणजे काय? मग आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणून तिने होकार दिला. मग दोघींपैकी डावीचा डोळा जास्त मोठा आहे का, असं विचारून तिने पुन्हा नकार दिला. जावयाने दोन्ही डोळे मोजून सारखेच असल्याचं सांगितलं. या माहितीने घरातलं वातावरण निवळलं नाही. दरम्यान पेंटरने रंग तयार होईपर्यंत डोळ्यांवर वर्तमानपत्र चिकटवलं, रंग ढवळला, ब्रश बुडवला, आणि फाटक वाजलं.

सासूबाई. पावणेदोन वाजले होते.

"तुझी मावशी घरी नव्हतीच," त्या लेकीला म्हणाल्या. "कुलूप बघून परत आले." मग त्या थांबल्या. जीपच्या डाव्या अंगाला चौघं खांद्याला खांदा लावून उभे होते. पेंटरच्या ब्रशवरून हिरवा रंग जावयाच्या बुटावर गळत होता. "असे एका रांगेत का उभे आहात? फोटो काढायचाय का?"

सासूबाईंनी जावयाला हाताने बाजूला केलं आणि वर्तमानपत्र उचललं. बघितलं. पर्समधून चष्मा काढला, लावला, पुन्हा बघितलं. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "मधलं का नाही खरवडलं?"

"दोघींच्या मध्ये काही असेल असं वाटलं नाही, आई."

"दोघी कोण?"

बायकोला रडू फुटलं. "बाबांच्या नाटक कंपनीतल्या. नायिका आणि तिची बहीण. तुझी ओळख व्हायच्या आधीचं आहे गं, आई. सहाच महिने."

सासूबाईंचा जबडा खरोखर खाली आला. त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू सत्तेचाळीस वर्षं घरात वावरलेला माणूस आज पहिल्यांदाच फाटकातून आत येत होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "खनिजापर्यंत मी गप्प बसले. अस्वलापर्यंतही बसले. ही नाटक कंपनी तुम्ही कधी काढलीत?"

"आज," सासरे डोळे न उघडता म्हणाले. "सव्वाबाराला."

सासूबाईंनी जावयाच्या हातातून बोळा घेतला, थिनरमध्ये बुडवला आणि चौकोन वगैरे न आखता दोन डोळ्यांच्या मधल्या भागावर घासायला सुरुवात केली. हिरवा रंग ओघळला, आणि खालच्या पांढऱ्यावर तांबूस कपाळाची कड उमटली. तिच्या मधोमध पांढरा पट्टा. पट्ट्याच्या खाली दोन प्रशस्त नाकपुड्या. मग डाव्या बाजूला लोंबता कान आणि कानात पिवळा बिल्ला.

पेंटरने सगळ्यांत आधी तोंड उघडलं. "साहेब, ही तर गाय आहे."

हनुवटीखाली बोळा फिरला आणि निळ्या अक्षरांत 'गोपैदास केंद्र' एवढे दोन शब्द वर आले.

जावई टेप हातात घेऊन पुतळ्यासारखा उभा होता. मोजमाप बरोबर होतं, एक मिलिमीटर चुकला नव्हता. "मी माणूस गृहीत धरला," तो पुटपुटला. मग त्याला जीपच्या मागच्या तळाला बसवलेली गोल कडी आठवली. सासरे म्हणायचे, खडक फोडायच्या दारूचं पिंप त्यात बसायचं. "मग त्या पिंपात काय असायचं?"

"वळूचं वीर्य," सासूबाई म्हणाल्या. दूध आणलं का, असं विचारावं त्या आवाजात. "द्रव नायट्रोजनमध्ये. गोठ्यागोठ्यात जाऊन गाईंना टोचायचे. फार चांगलं काम होतं. गावोगाव वाट बघायचे यांची."

बायको बरण्यांच्या खोक्यावर बसली. आतून काच तडकल्याचा आवाज आला.

"बाबा, नाटकातल्या बायका सांगितल्यात तुम्ही," ती म्हणाली. "दोन बायका. पण गाय सांगवेना?"

"तू पाच वर्षांची होतीस," सासरे जमिनीकडे बघत म्हणाले. "शाळेत बाईंनी विचारलं होतं, बाबा काय करतात. तू घरी येऊन मला विचारलंस. काय सांगायला हवं होतं मी? तुझ्या वर्गात एकाचे बाबा वैमानिक होते." ते जरा थांबले. "म्हटलं, दगड शोधतो. तू लगेच टाळ्या वाजवल्यास. मग परत फिरता येईना. उद्या दीडशे माणसांसमोर बोलायचंय. अर्जात गाय लिहिली की संपलं."

सासूबाईंनी हात पुसले आणि नेहमीसारख्या स्वयंपाकघराकडे निघाल्या.

जावयाचं मात्र पूर्ण झालं नव्हतं. आठ महिने मनात दाबलेलं मोजमाप आता आत राहीना.

"बाबा, एक शेवटचं. अस्वलाच्या पंजाला पाच नखं असतात. मडगार्डवर ओरखडे चार आहेत."

पहिल्यांदाच सासऱ्यांच्या चेहऱ्यावरची भीती गेली, आणि ते उंबरठ्याकडे बघायला लागले. सासूबाई तिथे पाठमोऱ्या थांबल्या होत्या.

"चारच दाते होते," त्या न वळता म्हणाल्या. "पेंढा ओढायचं दाताळं. माझ्या माहेरचं."

पेंटरने ब्रश खाली ठेवला.

"गाडी मागे घेताना सरळ माझ्या भाजीच्या वाफ्यावर घातली यांनी. मी गोठ्यातून तशीच धावत आले आणि हाणलं. म्हटलं, आता हा पळेल. तर हा बाबा हातात मोजे घालून तसाच उभा. बघतच राहिला."

"दोनदा गुरगुरलीस," सासरे म्हणाले.

"शिव्या दिल्या मी. दोन." सासूबाईंची मान जराशी वळली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आमची गाय पहिल्याच खेपेला गाभण राहिली. तरी हे आणखी तीनदा आले, तपासायला." एवढं बोलून त्या आत गेल्या, आणि स्वयंपाकघरात एकामागून एक भांडी विनाकारण घासली जाऊ लागली.

गाय लांब पापण्यांनी सगळ्यांकडे बघत होती. बायकोने खोक्यावरून उठून तिच्या कपाळावरचा राहिलेला हिरवा रंग नखाने काढला. मग डोळे पुसून म्हणाली, "हिला झाकायचं नाही. उद्या अशीच न्यायची. बाबा, भाषणात सगळं सांगा."

"सगळं?" सासऱ्यांनी विचारलं.

"गाईचं सगळं. अस्वल आहे तसंच ठेवा."

जावयाने अर्ज घेतला, जीपच्या बॉनेटवर ठेवला, तिथल्या कपाचा गोल डाग पाहून दोन सेकंद थबकला आणि लिहायला लागला. मूळ रंग: पांढरा, पुरावा सोबत. मूळ वापर: गोपैदास. मग शेवटचा रकाना आला, 'वाहनावरील जुन्या खुणा व त्यांचे कारण'. त्याने उजव्या मडगार्डकडे पाहिलं. आत भांडी वाजत होती. उभ्या आयुष्यात त्याने कागदावर न तपासलेली गोष्ट लिहिली नव्हती, आणि आजही लिहिणार नव्हता. ही तर त्याने स्वतः तपासली होती, साक्षीदारांसह.

त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'चार ओरखडे, अंतर प्रत्येकी ५.५ सेंटिमीटर. अस्वल. मादी.'